उपग्रहाला न दिसलेला वणवा

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी आमच्याकडे मार्कांपुरतं होतं, आणि निबंध पाठ करून यायचा. 'वणवा' हा शब्द मी अशाच एका पाठ केलेल्या निबंधात वापरला होता, पण जंगलाची आग म्हटलं की डोळ्यांसमोर यायचं ते टीव्हीवरचं कॅलिफोर्निया नाहीतर ऑस्ट्रेलिया. त्यामुळे या लेखात शुद्धलेखन कुठे घसरलं तर संपादकांनी सांभाळून घेतलं असेलच, तुम्हीही घ्या!

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षीचा मार्च आठवतोय? सबमिशनचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला लेडीज होस्टेलच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "अगं, टेकडी पेटलीय!" आम्ही सगळ्या धावत गॅलरीत. मागच्या टेकडीच्या पायथ्याशी एक नारिंगी रेघ दिसत होती आणि बघता बघता ती वर सरकत होती. मुलांच्या होस्टेलमधून पंचवीस-तीस जण बादल्या घेऊन पळाले. वॉचमन काकांनी त्यांना बादल्या खाली ठेवायला लावल्या आणि करंजाच्या ओल्या फांद्या तोडून हातात दिल्या. गवताची आग पाण्याने नाही, झोडपून विझवायची असते हे त्या दिवशी कळलं. नऊ वाजेपर्यंत सगळं संपलं. म्हणजे आग संपली, आणि आपल्या एनएसएसने दोन पावसाळे खपून लावलेली रोपंही संपली. सकाळी वर जाऊन पाहिलं तर बांबूच्या काठ्यांचे काळे खुंट तेवढे रांगेत उभे होते.

दोन दिवसांनी सहज म्हणून मी नासाचा 'फर्म्स' हा नकाशा उघडला. जगभरात उपग्रहांना दिसलेल्या आगी त्यावर लाल ठिपक्यांनी दाखवतात आणि तो सगळ्यांना मोफत बघता येतो. म्हटलं, आपली टेकडी फेमस झाली असणार. तारीख टाकली, झूम केलं, पण ठिपकाच नाही! आम्ही खोकून खोकून बेजार झालो होतो आणि उपग्रहाच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

हे असं का झालं, या प्रश्नाच्या मागे लागले आणि त्यातून आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट झाला. त्यात जे कळलं ते इथे सांगतेय.

उपग्रहाला आग दिसते कशी?

धूर बघून नाही, ज्वाळा बघूनही नाही. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे किरण बाहेर टाकत असते. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधला वीनचा नियम आठवा (मलाही पुस्तक उघडावं लागलं). २,८९८ या आकड्याला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागलं की त्या वस्तूतून सर्वांत जास्त किरण कुठल्या तरंगलांबीला निघतात ते मायक्रॉनमध्ये मिळतं. साधी जमीन धरा ३०० केल्व्हिन, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. उत्तर येतं साधारण ९.७ मायक्रॉन. आग धरा ९०० केल्व्हिन. उत्तर येतं ३.२ मायक्रॉन. म्हणून आग शोधणारे उपग्रह ४ मायक्रॉनच्या आसपास एक 'डोळा' ठेवतात आणि ११ मायक्रॉनच्या आसपास दुसरा, आणि दोघांनी काय पाहिलं त्याची तुलना करतात.

दोन डोळे कशाला, तर त्यात खरी गंमत आहे. प्लांकच्या सूत्रात आकडे घालून आम्ही हिशोब केला. ४ मायक्रॉनला ९०० केल्व्हिनची आग २७ अंशांच्या जमिनीपेक्षा सुमारे तीन हजार पट जास्त तेजस्वी असते. ११ मायक्रॉनला मात्र फक्त चोवीस पट. आता उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा आहे असं समजा. त्याचा हजारावा भाग, म्हणजे फक्त एक हजार चौरस मीटर पेटलाय. तेवढ्यानेसुद्धा ४ मायक्रॉनच्या डोळ्याला अख्खा चौकोन जवळपास चौपट उजळ दिसतो आणि ११ मायक्रॉनच्या डोळ्याला जेमतेम दोन-अडीच टक्के. हा फरक दिसला की कॉम्प्युटर म्हणतो, इथे आग आहे. म्हणजे आग चौकोनाहून कितीतरी लहान असली तरी पकडता येते. मला हे वाचून खरंच भारी वाटलं होतं.

हे काम वीसहून अधिक वर्षं केलं ते 'मोडिस' या उपकरणाने. १९९९ साली सोडलेल्या टेरा आणि २००२ साली सोडलेल्या अ‍ॅक्वा या उपग्रहांवर ते बसवलेलं होतं. त्यानंतर 'व्हीअर्स' आलं. ते २०११ पासून पुढे सोडलेल्या तीन उपग्रहांवर आहे आणि त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणून लहान आगीही त्याला सापडतात.

मग आपली टेकडी का सुटली?

कारण अगदी साधं निघालं. व्हीअर्सचे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातात साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास. आपली आग पावणेसातला लागली आणि नऊला विझली. उपग्रह दुपारी गेला तेव्हा सगळं ठीकठाक होतं, आणि रात्री परत आला तेव्हा राख थंड झालेली. गवताची आग असतेच तशी, भडकन पेटते आणि झटकन संपते.

कुणी म्हणेल, एकाच जागी थांबणारे इन्सॅटसारखे उपग्रह आहेत की! आहेत, आणि ते दर अर्ध्या तासाला चित्र घेतात. पण ते जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर. उष्णता टिपणाऱ्या त्यांच्या चित्रातला एक चौकोन चार किलोमीटरचा. आपल्या टेकडीसारख्या कितीतरी टेकड्या त्यात मावतील. थोडक्यात, जवळचा उपग्रह नीट बघतो पण थांबत नाही, आणि थांबणारा उपग्रह लांबून बघतो.

शिवाय चुकाही होतात. तापलेला पत्रा, वीटभट्टी, पाण्यावरून चमकलेलं ऊन, यांनीही कधीकधी लाल ठिपका उमटतो. शेतात जाळलेलं पाचट तर हमखास दिसतं.

इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठिपका दिसतो तेव्हा आग लागून गेलेली असते. जंगल वाचवायचं तर आग दिसून पुरेसं नाही. आज कुठे लागू शकते हे सकाळीच कळायला हवं.

अंदाज म्हणजे सुकण्याचा हिशोब

वणव्याचा अंदाज म्हणजे "उद्या चार वाजता अमुक डोंगरावर आग लागणार" असं भविष्य नव्हे. ठिणगी कधी पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. अंदाज फक्त एवढंच सांगतो, की ठिणगी पडली तर पेटेल का, किती वेगाने पसरेल आणि विझवणं किती अवघड जाईल.

यासाठी जगात सर्वांत जास्त वापरली जाते ती कॅनडाची पद्धत, फायर वेदर इंडेक्स. तिला रोज दुपारी बाराच्या चारच गोष्टी लागतात: तापमान, हवेतला दमटपणा, वारा आणि मागच्या चोवीस तासांतला पाऊस. यातून ती दुपारच्या सर्वांत वाईट वेळेचा अंदाज बांधते. ही पद्धत समजायला आपली होस्टेलची कपडे वाळत घालायची दोरी पुरे.

दोरीवर ओढणी घाला. दोन-तीन तासांत वाळते. जीन्सला दीड-दोन दिवस लागतात. आणि पावसात गादी भिजली असेल तर... ज्याची भिजलीय त्याला विचारा! जंगलातही असंच असतं. वरचा पालापाचोळा आणि काटक्या म्हणजे ओढणी. त्याखालचा अर्धवट कुजलेला थर म्हणजे जीन्स. आणि खोलवरचा दाट थर, मोठे ओंडके म्हणजे गादी. कॅनडाच्या पद्धतीत या तिघांची तीन वेगळी खाती ठेवतात. जादा ओलाव्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश निघून जायला पहिल्या थराला साधारण १६ तास लागतात, दुसऱ्याला १२ दिवस आणि तिसऱ्याला ५२ दिवस. पावसाचंही तसंच. वरच्या थराच्या खात्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तरच जमा होतो, दुसऱ्याला दीड मिलिमीटरच्या वर लागतो आणि तिसऱ्याला २.८ च्या वर. शिंतोड्यांनी गादी भिजत नाही.

रोज कालचा आकडा घ्यायचा, त्यात आजचं सुकणं किंवा भिजणं मांडायचं आणि पुढे न्यायचा, किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा. वरच्या थरात वारा मिसळला की आग किती वेगाने पसरेल ते कळतं. खालच्या दोन थरांवरून जळायला माल किती तयार आहे ते कळतं. दोन्ही मिळून शेवटचा निर्देशांक येतो.

यात उपग्रहाचं काम काय?

चार आकडे मोजायला हवामान केंद्र लागतं आणि जंगलात केंद्रं असतात कुठे? बहुतेक शहरात नाहीतर विमानतळावर. म्हणून पाऊस आणि जमिनीचं तापमान यांची रिकामी जागा उपग्रहाच्या मोजणीने भरतात, आणि पुढच्या दिवसांचं हवामान कॉम्प्युटर मॉडेलमधून घेतात. युरोपातलं हवामान केंद्र अशा रीतीने साऱ्या जगाचा वणव्याचा धोका काही दिवस आधी काढतं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. हवामानावरून मेलेला पाला किती सुकला ते कळतं, पण जिवंत झाडाचं आणि गवताचं काय? हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड परत फेकतं. या दोघांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की हिरवेपणाचा आकडा मिळतो, एनडीव्हीआय. पान सुकत गेलं की हा आकडा घसरतो. इन्फ्रारेडचा त्याहून लांबचा एक पट्टा पाणी शोषून घेतं. तो वापरला तर पानातल्या पाण्याचाही अंदाज येतो. ऑस्ट्रेलियात कुठल्या भागातलं गवत किती टक्के वाळलंय याचे नकाशे उपग्रहावरून काढतात आणि गवताळ भागाच्या धोक्याचा आकडा त्यावर ठरवतात.

पण इथे आपण आपलं डोकंही वापरायला हवं. कॅनडाची पद्धत तिथल्या पाइनच्या जंगलावरून बेतलेली. आपल्याकडे साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत पानं गाळतो. उपग्रहाला वरून दिसतं की हिरवेपणा कमी झाला, पण खाली पाला घोटाभर साचलाय की कुणी झाडून नेलाय ते त्याला नीट दिसत नाही. म्हणून आकडे तेच ठेवले तरी कितीला 'धोका' म्हणायचं ते प्रत्येक प्रकारच्या जंगलासाठी वेगळं ठरवावं लागतं.

गादी वाळली की काय होतं

गोव्यातलं म्हादई अभयारण्य. सह्याद्रीतलं ओलं जंगल, एरवी सहजासहजी न जळणारं. २०२३ चा फेब्रुवारी भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. त्यापाठोपाठ मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात म्हादईत आणि आजूबाजूच्या डोंगरांत आगी लागत राहिल्या. शेवटी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्यांनी पाणी ओतायला बोलवावी लागली. हे एका दुपारच्या उन्हाने होत नाही. आठवडेच्या आठवडे खालचे थर सुकत गेलेले असतात, आणि ते सुकणं रोज वहीत दिसत असतं.

दुसरं उदाहरण आपल्यासारख्या ट्रेकवाल्यांसाठी. ११ मार्च २०१८, तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातले कुरंगणीचे डोंगर. वाळलेल्या गवताच्या उतारावर ट्रेकर्सचे गट आगीत सापडले. वीसपेक्षा जास्त जण गेले, त्यात तरुण मुलंमुलीच जास्त. आग चढावर जास्त वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवतात. ढोबळ नियम असा, की उतार दहा अंशांनी वाढला की वेग दुप्पट. सिंहगड असो नाहीतर राजगड, मार्चमध्ये वाळक्या गवतातून जाताना हा नियम लक्षात ठेवा.

आपल्या देशात

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहाला दिसलेल्या आगीची खबर राज्यांच्या वनखात्याला देते. आता तर नाव नोंदवलेल्या कुणाच्याही मोबाइलवर एसएमएस येतो. २०१६ पासून धोक्याचे पूर्व-इशारेही देतात. त्यात हवामान, जंगलाचा प्रकार आणि आधी तिथे किती वेळा आग लागलीय हे सगळं धरतात. त्यांच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ३६ टक्क्यांहून जास्त वनक्षेत्राला वारंवार आगी लागण्याचा धोका आहे. आपल्या राज्यात गडचिरोलीचं नाव यात नेहमी वर असतं.

इशारा मिळाल्यावर मात्र काम माणसांचंच. वनरक्षक आणि हंगामी मजूर जाळरेषा साफ करतात, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत-पाला काढून टाकलेला पट्टा. ब्लोअरने पाला उडवतात, आणि वेळ आली तर फांदी घेऊन आगीसमोर उभे राहतात. इशाऱ्यामुळे एवढंच ठरतं, की मोजकी माणसं आज कुठल्या डोंगरावर पाठवायची.

आणि ठिणगी?

आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून पेटवतात, नवं गवत यावं म्हणून पेटवतात. कधी नुसतं विडीचं थोटूक. हे सगळं लिहून झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात काकांना म्हटलं, "गावाकडच्या लोकांना समजावायला हवं ना, काका?"

काका काही बोलले नाहीत. मला होस्टेलच्या मागे घेऊन गेले. टेकडीवरचा काळा पट्टा कुठून सुरू होतो ते त्यांनी बोटाने दाखवलं. सबमिशन झाल्यावर जुने रफ पेपर आणि जर्नल्स जाळायची आपली जी प्रथा आहे, त्या ढिगापासून. त्या दुपारी ढीग पेटवून आम्ही चहाला गेलो होतो. संध्याकाळी वारा सुटला. त्या ढिगात माझीही दोन जर्नल्स होती.

"गवत आठ दिवसांपासून वाजत होतं, ताई," काका म्हणाले. "वाजायला लागलं की काडी पेटवायची नसते. आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं."

म्हणजे आम्ही प्लांकचं सूत्र घालून जे काढत होतो, ते काकांना कानाने कळत होतं. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मेसबाहेरचा बाण

यंदा जानेवारीपासून मेसच्या बाहेर पुठ्ठ्याचा एक बोर्ड लागलाय. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे चार पट्टे आणि मध्ये एक बाण. बरेच जण विचारतात हे काय, म्हणून सांगते. गच्चीवरच्या मीटरमधून आम्ही रोज बाराला तापमान आणि दमटपणा घेतो, सिव्हिलच्या पर्जन्यमापकातून पाऊस, आणि वारा हवामान अंदाजातून. वरच्या थराचा आकडा एक्सेलमध्ये निघतो. तो शंभराच्या आतबाहेर असतो. सत्तरच्या पुढे पेट घेऊ शकतो, नव्वदच्या वर एक ठिणगी पुरते.

आमचा बाण चुकतोही. फेब्रुवारीत एकदा रात्री हलकी सर आली आणि सकाळी आम्ही बाण हिरव्यावर नेऊन ठेवला. जेवायच्या सुट्टीत काका येऊन म्हणाले, "गवत परत वाजतंय." मोकळ्यावरचं उभं गवत जंगलातल्या पाल्याहून कितीतरी लवकर वाळतं, आणि आमच्या सूत्राला ते माहीत नव्हतं. तेव्हापासून बोर्डावर दोन सह्या असतात. एक आमच्या ग्रुपची, एक काकांची. दोघांत मतभेद झाला तर काकांचा रंग लागतो!

आज हे लिहिताना बाण केशरीवर आहे आणि सबमिशन आलंय. जर्नल्स या वर्षी रद्दीवाल्याला द्यायची असं दोन्ही होस्टेलच्या सेक्रेटरींनी कबूल केलंय. टेकडीवर पावसाळ्यात पुन्हा रोपं लावलीत, अजून गुडघ्याएवढीही नाहीत. येता-जाता बोर्डाकडे एक नजर टाकत जा. आणि बाण लाल असेल तर काडेपेटी खोलीवरच राहू द्या, एवढंच सांगायचं होतं.